थांबणं

गेल्या महिन्यात एका रात्री मी एका पुलावर उभी होते. दगडी पूल, खाली धुकं, पलीकडे दिवे लागलेलं गाव. एका नव्या ऑनलाइन खेळातला हा पूल. खेळ उतरवून घ्यायला अख्खी रात्र गेली होती आणि पात्राचं नाक, डोळे, केस ठरवण्यात पाऊण तास. आता ते पात्र सतराव्या लेव्हलला पोचलं होतं. गावात जाऊन कोणाला तरी भेटायचं होतं, आणि कुठे वळायचं ते नकाशावरचा बाण दाखवत होता. मी बाणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खेळ बंद केला. बंद करतानाच ठाऊक होतं की आपण परत येणार नाही. खेळ वाईट नव्हता. चित्रं सुंदर होती, संगीत चांगलं होतं, कंटाळाही म्हणावा तसा आला नव्हता. तरी माझं तिथलं राहणं संपलं होतं.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. गेल्या पंधरा वर्षांत मी असे नऊ खेळ सुरू केले आणि सोडले. काहींत महिनाभर टिकले, काहींत तीन दिवस. ज्या जगात आपण हौसेने जातो, पैसे मोजून जातो, तिथे आपल्याला राहता का येत नाही? हा प्रश्न मी बरीच वर्षं खेळांबद्दलचा समजत होते. आता तो मला नीतीचा वाटू लागला आहे, म्हणून इथे मांडते आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हजारो माणसं एकाच वेळी एका कल्पित जगात वावरतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी इतरांच्या जखमा भरणारा. बुद्धिबळाचा डाव संपतो, क्रिकेटचा सामना संपतो. हे जग संपत नाही. तुम्ही संगणक बंद करून झोपलात तरी तिथे बाजार भरलेला असतो, माणसं येत-जात असतात. याचं मूळ १९७८ सालातलं. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने असं एक जग लिहायला घेतलं आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने ते पुढे नेलं. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळं शब्दांत. मग १९९७ साली अल्टिमा ऑनलाइन आला, १९९९ साली एव्हरक्वेस्ट, आणि २००४ च्या नोव्हेंबरात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. या शेवटच्या खेळाचे २०१० साली एक कोटी वीस लाख वर्गणीदार होते.

त्याच्यामागून आलेल्या अनेक खेळांची गोष्ट वेगळी आहे. वाइल्डस्टार २०१४ च्या जूनमध्ये गाजावाजा करत आला आणि २०१८ च्या नोव्हेंबरात त्याचे सर्व्हर कायमचे बंद झाले. न्यू वर्ल्ड २०२१ च्या सप्टेंबरअखेर आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका क्षणी नऊ लाखांहून जास्त माणसं त्यात एकत्र होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातली बहुतेक निघून गेली. मीच एकटी पुलावरून परत फिरते असं नाही.

याची कारणं सांगणारे पुष्कळ आहेत. सगळ्यात प्रचलित कारण असं की खेळ बनवणारे चार-पाच वर्षं खपून जे रचतात ते खेळणारे तीन आठवड्यांत फस्त करतात. स्वयंपाक पुरत नाही. अल्टिमा ऑनलाइनचा मुख्य रचनाकार राफ कॉस्टर याने या प्रश्नाला अधिक खोल उत्तर दिलं. त्याच्या मते खेळातली मजा म्हणजे शिकण्याची मजा. समोरच्या गोष्टीतला आकृतिबंध मेंदूला उलगडला की मजा संपते. नवे खेळ बहुधा जुन्यांच्याच साच्यातून काढलेले असतात, तेव्हा जुन्या खेळाडूला ते पहिल्या दिवशीच अर्धेअधिक उलगडलेले असतात. हे मला पटतं, पण पुरत नाही. कारण माझ्या पहिल्या खेळात मी महिनोन्‌महिने दर बुधवारी त्याच किल्ल्यात जाऊन त्याच राक्षसाशी लढत होते. त्यात शिकण्यासारखं पहिल्या दोन महिन्यांनंतर काही उरलं नव्हतं. तरी मी जात होते.

२००७ साली मी बंगळुरात पहिल्या नोकरीत होते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा भारतात सर्व्हर नव्हता, म्हणून मी युरोपच्या सर्व्हरवर खेळायचे. माझं पात्र प्रीस्टचं, म्हणजे लढाईत मागे उभं राहून इतरांच्या जखमा भरणारं. आमच्या गटात, तिथल्या भाषेत गिल्डमध्ये, चाळीसेक माणसं होती. स्कॉटलंडचा एक ट्रकचालक, पोलंडची एक नर्स, नेदरलँड्समधले बाप-लेक. आठवड्यातून दोन रात्री पंचवीस जणांची मोठी मोहीम असायची, सर्व्हरच्या घड्याळात आठ वाजता. म्हणजे माझ्याकडे हिवाळ्यात रात्री साडेबाराला, आणि तिकडे घड्याळं तासभर पुढे सरकली की साडेअकराला. आई मिरजेहून राहायला आली होती तेव्हा तिने सकाळी विचारलं, "रात्री दोनला कोणाशी इंग्रजीत बोलत असतेस गं?" मी म्हटलं, "काम असतं." तेव्हा वाटलं, आईशी खोटं बोललो. आता वाटतं, ते अगदीच खोटं नव्हतं.

एका रात्री लढाई सुरू होणार इतक्यात वीज गेली. इन्व्हर्टर नव्हता. अंधारात बसून मी मनाशी म्हटलं, घेतलं असेल दुसऱ्या कोणाला, गेले असतील पुढे. पंचवीस मिनिटांनी वीज आली, मी पुन्हा आत शिरले, तर सगळे त्या दालनाच्या दाराशी जमिनीवर बसलेले. चोवीस पात्रं, ओळीने. ट्रकचालक म्हणाला, बरं झालं, तेवढ्यात चहा करून आलो. बाकी कोणी काही बोललं नाही. लढाई सुरू झाली आणि आम्ही नेहमीप्रमाणे हरलो. पण त्या रात्रीनंतर पुढची दोन वर्षं मी न कळवता एकही मोहीम चुकवली नाही.

मराठीत थांबणं या एकाच क्रियापदात दोन गोष्टी येतात. "थांब, मी आलेच" यात ते वाट पाहणं असतं. "थांबा ना अजून दोन दिवस" असं पाहुण्याला म्हणतो तेव्हा ते राहणं असतं. मला या दोन अर्थांत नातं दिसतं. त्या रात्री चोवीस जण माझ्यासाठी पहिल्या अर्थाने थांबले, म्हणून मी तिथे दुसऱ्या अर्थाने थांबले. ते जग मला आवडत होतं हे खरं, पण आवडणं दोन वर्षं पुरत नाही.

ते लोक आजच्या खेळाडूंपेक्षा थोर होते असं मात्र समजू नये. ते थांबले याचं साधं कारण म्हणजे जखमा भरणारे तेव्हा सहज मिळत नसत. खेळच गैरसोयीचा होता. पाच जणांची छोटी मोहीम जमवायलासुद्धा तासभर चौकात उभं राहून हाका माराव्या लागत. मग त्या गुहेपर्यंत चालत जायचं, म्हणजे आणखी पंधरा-वीस मिनिटं. चालताना करायला काही नसे, म्हणून माणसं बोलत. कोणाची परीक्षा आहे, कोणाच्या घराचं छत गळतं आहे, हे मला त्या चालण्यात कळलं.

२००९ च्या डिसेंबरात खेळात एक नवी सोय आली. एक बटण दाबायचं. यंत्र निरनिराळ्या सर्व्हरवरून पाच जण गोळा करणार आणि त्यांना थेट गुहेच्या आत नेऊन सोडणार. आम्ही सगळ्यांनी ती मागितलीच होती. मी तर फारच खूश झाले. पहिल्या आठवड्यात एका रात्रीत सहा मोहिमा केल्या. कोणाबरोबर केल्या? त्यातलं एकही नाव तेव्हा दुसऱ्या दिवशीसुद्धा आठवत नव्हतं. आठवायची गरजही नव्हती. कोणी मध्येच निघून गेला तर यंत्र दुसरा आणून उभा करी. मी निघून गेले असते तर माझ्या जागीही कोणी आलं असतं. कोणाला कोणासाठी थांबावं लागत नव्हतं, आणि हीच तर सोय होती.

आपल्याकडे ऋणानुबंध असा एक शब्द आहे. रोजच्या वापराने तो गुळगुळीत झाला आहे, पण फोड करून पाहिली तर त्यात एक रोखठोक विचार आहे: माणसांना एकमेकांशी बांधतं ते देणं. प्रेमसुद्धा बरेचदा त्या देण्याच्या मागून येतं. कोणी रस्ता दाखवला, कोणी आपली तलवार देऊन टाकली, कोणी पंचवीस मिनिटं दाराशी बसून राहिलं, की एक फेड अंगावर राहते, आणि ती फेडायला उद्या यावं लागतं. आजचे बहुतेक नवे खेळ या बटणानंतर जन्मलेले आहेत. त्यांत सगळं काही एकट्याला करता येतं, कधीही सोडता येतं. दोन लहान मुलं असलेल्या किंवा दोन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसासाठी ही मोठी सवलत आहे, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. एवढंच म्हणते की जिथे कोणाचं काही देणं लागत नाही, तिथून निघायला कारणही लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग जुन्याच जगात परत जा. बार्टलने २००४ सालच्या एका लेखात म्हटलं होतं की खेळाडू पुढची सगळी जगं आपल्या पहिल्या जगाच्या मापाने मोजतो. २०१९ च्या ऑगस्टात त्या खेळाच्या कंपनीने त्याचं जुनं रूप पुन्हा उघडलं. चालणं परत आलं, चौकातल्या हाका परत आल्या, बटण नव्हतं. लाखो लोकांबरोबर मीही परत गेले. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्ड याचं 'पुनरावृत्ती' नावाचं १८४३ सालचं पुस्तक आहे. त्यातला निवेदक, पूर्वी जे अनुभवलं ते पुन्हा मिळतं का हे पाहायला मुद्दाम बर्लिनला जातो. तेच बिऱ्हाड, तेच नाट्यगृह. पण पूर्वीचं काही हाती लागत नाही. माझंही तेच झालं. जग पूर्वीचं होतं, आम्ही नव्हतो. कोणतं शस्त्र घ्यायचं, कोणत्या वाटेने गेलं की किती मिनिटं वाचतात, याचे तक्ते पहिल्या दिवसापासून तयार होते. पात्राला तात्पुरतं बळ देणारे मंत्र मिळवून लोक लगेच खेळाबाहेर पडत, कारण आत राहिलं की मंत्राची मुदत सरते. मोहिमेच्या रात्रीपर्यंत ते त्या जगात पाऊल टाकत नसत. एके संध्याकाळी मी शेजारून जाणाऱ्याला एका गुहेचा रस्ता विचारला. उत्तरादाखल त्याने एका संकेतस्थळाचं नाव लिहिलं आणि तो गेला. उत्तर बरोबर होतं. बारा वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला तेव्हा तो ट्रकचालक माझ्याबरोबर चालत आला होता. आमची ओळख तशी झाली होती.

तेव्हा दोष एकट्या रचनाकारांचा नाही. त्याच १८४३ साली आलेल्या दुसऱ्या एका पुस्तकात किर्केगार्डने कंटाळ्यावर उपाय सांगणारं एक पात्र उभं केलं आहे. शेतकरी जशी पिकं पालटतो तसं मनाचं पीक पालटत राहा, असं ते सुचवतं. आणि जोडीने बजावतं की मैत्रीत पडू नका, लग्न करू नका, कुठलं पद घेऊ नका. कशालाच बांधलं गेलं नाही की कधीही वळता येतं. या सल्ल्याच्या पोटात काय दडलं आहे ते किर्केगार्डला दिसत होतं, म्हणून तर त्याने तो एका पात्राच्या तोंडी घातला. मी मात्र पंधरा वर्षं तो सल्ला न वाचताच पाळत आले होते. नऊ जगं पालटली आणि एकाही जगात कोणाचं काही घेतलं नाही.

का, याचं उत्तर मला त्याच हिवाळ्यात मिळालं. वर्गणी भरलेलीच होती, म्हणून एका रात्री मी खेळाच्या चालू रूपात जाऊन माझं मूळचं पात्र उघडलं. ते मी २०१० साली सोडलं होतं. सोडलं कसं, तेही सांगायला हवं. घरात कोणी आजारी नव्हतं, नोकरी गेली नव्हती. एका बुधवारी मला झोप लागली आणि मोहीम चुकली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला हवी होती. लाज वाटली म्हणून गेले नाही. रविवारी लाज दुप्पट झाली. पुढच्या बुधवारी साडेअकराला संगणकासमोर बसूनही मी खेळ उघडला नाही. तीन आठवड्यांनी तोंड दाखवणं अशक्य वाटू लागलं. मग ती लाज विसरायला मी एक नवा खेळ घेतला. तो त्या नवांपैकी पहिला.

२०१९ मध्ये गिल्डची यादी अजून तशीच होती. प्रत्येक नावापुढे तो माणूस शेवटचा कधी आला होता ते दिसत होतं: आठ वर्षं, सात वर्षं, आठ वर्षं. ट्रकचालकाच्या नावापुढे सर्वांत कमी, पाच. म्हणजे बाकीचे गेल्यावरही तो बराच काळ येत होता. चौकातल्या टपालपेटीपाशी गेले. तिथे पत्र तीस दिवस राहतं, मग नाहीसं होतं. पेटी रिकामी होती. माझ्यामागे कोणी काही लिहिलं होतं का, किती वेळा लिहिलं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

हा सगळा खेळ, त्यात कसलं आलंय देणं, असं म्हणता येईल. मीही तसंच म्हणत आले. पण नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक आहे. स्नायू क्षीण करत नेणाऱ्या आजाराने तो २०१४ साली पंचविसाव्या वर्षी गेला. तो एकाकी जगला अशी आईवडिलांची समजूत होती. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि याच खेळातल्या लोकांची पत्रं येऊ लागली, त्याने त्यांना काय काय दिलं ते सांगणारी. काही जण परदेशांतून अंत्यविधीला आले. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ साली आला. पात्रं कल्पित असतात. वाट पाहणारा माणूस कल्पित नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. थांबणं म्हणजेच चांगलं, असं कोणी ठरवलं? रात्र रात्र जागून तरुण मुलांची वर्षं गेली आहेत. माझीही काही गेली. आमच्यातली नर्स एकदा म्हणाली होती की रात्रपाळी संपवून येते आणि इथे दुसरी सुरू होते. शिवाय आपण थांबावं हे तर कंपन्यांनाही हवं असतं. रोज हजेरी लावली की बक्षीस, चुकवली की मालिका तुटली, हंगाम संपायच्या आत इतकं करा. इथे मला गुंतणं आणि गुंतवणं यांतला फरक उपयोगी पडतो. आज मी आले नाही तर नुकसान कोणाचं, एवढं विचारायचं. हजेरीच्या बक्षिसात ते फक्त माझ्या खात्याचं असतं. तिथून खुशाल उठावं. जिथे माझं न येणं दुसऱ्या कोणाच्या संध्याकाळीवर पडतं, तिथे मी गुंतलेली असते. तिथूनही उठता येतं. उठावंच लागतं, कारण आयुष्य बदलतं. पण आपण निरोप घेताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. परत येऊ याची खात्री त्यात नसते. मागे राहणाऱ्याला दाराशी ताटकळत ठेवायचं नाही, एवढं त्यात असतं. आम्ही न थांबल्याचा दोष मी खेळांना देत आले. खरं तर मला नीट निघता आलं नव्हतं, आणि नीट निघता येत नाही अशा माणसाला पुन्हा कुठे राहायची भीती वाटते.

हे सगळं मनात आल्यावर दहा-बारा दिवसांनी मी त्या नव्या खेळात परत गेले. पात्र पुलावरच उभं होतं. गावाचा रस्ता बाण दाखवत होता, तरी मी शेजारच्याला विचारला. तो काही न बोलता पुढे गेला. दुसऱ्यालाही विचारलं, तोही गेला. तिसऱ्याने लिहिलं, मलाही माहीत नाही, कालच आलोय, चल शोधू. बाण त्यालाही दिसत असणारच. आम्ही तासभर हिंडलो, एकदा दोघेही नदीत पडलो. निघताना त्याने लिहिलं, उद्या याच वेळी?

बोटं हो लिहायला गेली होती. हो म्हणायचं आणि यायचं नाही, हे मला चांगलं जमतं. मी थोडा वेळ तशीच बसले, दुसऱ्या दिवशी काय काय आहे ते आठवून पाहिलं, आणि मग लिहिलं, उद्या नाही जमणार. शनिवारी येते.